लोणच्याची बरणी वेगळी, चकलीचं पाकीट वेगळं

वाचकाचं पत्र :

आमचा कणकवली तालुक्यात बायकांचा बचत गट आहे. कैरीचं लोणचं, मोरंबा, कोकम आगळ, चकली आणि आंबापोळी असा माल आम्ही करतो. आधी ओळखीपाळखीत विकायचो, आता मुंबई-पुण्याला पार्सल जातं आणि गणपतीला आलेले चाकरमानी जाताना घेऊन जातात. विक्रेत्याने ‘सगळं फूड ग्रेड आहे, कशालाही चालतं’ असं सांगून पारदर्शक बरण्या आणि पातळ पिशव्या दिल्या. त्या बरण्यांत मोरंबा भरला तर त्या आकसून वाकड्या झाल्या. लोणच्याचं तेल झाकणातून बाहेर आलं. चकली पंधरा दिवसांत मऊ पडली, काही पाकिटांना खवट वास आला. आगळाचा लाल रंग तपकिरी झाला. आंबापोळीची मात्र तक्रार नाही. यासाठी सगळ्यात चांगलं प्लास्टिक कोणतं? हल्ली गिऱ्हाईक ‘बायोडिग्रेडेबल’ मागतं, ते घ्यावं का?

उत्तर :

ताई, तुमच्या चारही तक्रारींची कारणं वेगवेगळी आहेत. त्यामुळे ‘सगळ्यात चांगलं प्लास्टिक’ असं एक नाव मी देणार नाही, आणि ज्या विक्रेत्याने तसं दिलं त्याच्याकडून पुढचा माल घेण्याआधी थांबा. आपला पदार्थ कशाने बिघडतो हे तुम्हाला त्याच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. चकली दमट हवेने मऊ पडते आणि हवेतल्या ऑक्सिजनने खवट होते. मोरंबा तुम्ही गरम भरता. लोणच्याचं तेल फट शोधतं. आगळाचा रंग उजेडाने जातो. या एकेका गोष्टीवरून प्लास्टिक ठरतं.

आधी तुमच्याकडे नक्की काय आलंय ते पाहू. बरणीच्या तळाला त्रिकोणात एक आकडा असतो. १ म्हणजे पेट, पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक. २ म्हणजे एचडीपीई, दुधट रंगाच्या कॅनचं. ३ पीव्हीसी, ४ एलडीपीई म्हणजे मऊ पिशवीचं, ५ पीपी, ६ पॉलिस्टायरीन आणि ७ म्हणजे बाकी सगळं. वर्णनावरून तुमच्या बरण्या पेटच्या आणि पिशव्या एलडीपीईच्या वाटतात. पिशवीवर आकडा नसेल तर एक सोपी खूण आहे. तिचा छोटा तुकडा पाण्यात टाका आणि बोटाने बुडवून सोडा. एलडीपीई, एचडीपीई आणि पीपी पाण्यापेक्षा हलके असल्याने वर येतात. पेट आणि पीव्हीसी तळाला जातात. जाळून वास घ्यायची पद्धत बाजारात आहे, ती मात्र करू नका. पीव्हीसीचा धूर अतिशय वाईट असतो.

मोरंब्याच्या बरण्या वाकल्या त्यात तुमच्या हाताची चूक नाही. साधं पेट सत्तर अंशांच्या आसपास नरम पडायला लागतं आणि साच्यात ताणून दिलेला आकार सोडून आकसतं. तुम्ही मोरंबा त्याहून बराच गरम भरत असणार, आणि गरमच भरायला हवा, कारण त्या उष्णतेनेच बरणीच्या आतल्या बाजूचं आणि झाकणाखालचं बुरशीचं बी मरतं. बरणी वाचावी म्हणून मोरंबा थंड करून भरलात तर महिन्याभराने वरच्या थरावर बुरशीचे ठिपके दिसतील. गरम भरण्यासाठी वेगळ्या प्रक्रियेने पक्कं केलेलं पेट मिळतं, पण लहान गटाला थोड्या संख्येने ते मिळवणं अवघड जातं. पीपीची बरणी उष्णता सहज सोसते, तिचा वितळबिंदू १६० अंशांच्या वर आहे. ती थोडी धुरकट दिसते आणि तिच्यातून ऑक्सिजन आत शिरतो, म्हणून काही महिन्यांत वरचा थर काळवंडतो. माझं स्पष्ट मत सांगते : मोरंब्याला काचच घ्या. वजन आणि फुटण्याचा धोका आहे, तरी चार-सहा महिने टिकवायचा आणि चांगल्या भावाने विकायचा माल काचेतच शोभतो आणि टिकतोही. काचेची बरणी आधी गरम पाण्यात कोमट करून घ्या, नाहीतर उकळता मोरंबा पडताच तडकेल. एसटीने जाणाऱ्या पार्सलसाठी प्रत्येक बरणीभोवती पन्हळी पुठ्ठ्याची पट्टी गुंडाळा आणि खोक्यात उभे-आडवे कप्पे करा. काच अजिबात परवडत नसेल तर पीपी घ्या, पण लहान बरण्या घ्या, म्हणजे उघडल्यावर लवकर संपतील.

लोणच्याच्या बाबतीत मात्र तुमची पेटची बरणी बरोबर आहे, ती बदलू नका. तेल, मीठ आणि आंबट या तिघांनाही पेट चांगलं तोंड देतं आणि हिंग-मोहरीचा वास आत धरून ठेवतं. एचडीपीईच्या बरणीत तेल हळूहळू भिंतीत मुरतं, बाहेरून हात लावला तर चिकट लागतं आणि शेजारच्या मालाला हिंगाचा वास लागतो. तेल बाहेर आलं त्याचं कारण झाकणात शोधा. झाकणाच्या आत जी गोल चकती असते तिला बाजारात वॅड म्हणतात. तुमच्या झाकणांत बहुधा नुसती फोमची वॅड असेल. तेलाच्या मालाला इंडक्शन वॅड लागते. तिच्यात अॅल्युमिनियमची पातळ पन्नी असते, हातात धरायच्या यंत्राने ती तापवली की बरणीच्या काठाला चिकटते. खरेदी करताना ‘पेटला चिकटणारी वॅड’ असं स्पष्ट सांगा. एचडीपीईसाठी केलेली वॅड पेटच्या काठाला धड धरत नाही, आणि इथेच पुष्कळ लोक फसतात. पन्नीवर प्लास्टिकचा थर आहे ना तेही पाहा, कारण मीठ आणि आंबट अॅल्युमिनियमला खातात. त्याच कारणाने लोणच्याला साधं पत्र्याचं झाकण नको, गंज धरतं.

सील लावताना काठावर तेलाचा थेंब असला तर कितीही चांगली वॅड असू दे, ती सुटते. रुंद तोंडाचं नरसाळं वापरा, काठ कोरड्या फडक्याने पुसा आणि बरणी बोटभर रिकामी ठेवा. उन्हाळ्यात टेम्पोत माल तापतो, तेल फुगतं, त्याला जागा लागते. आणखी एक, लोणचं चांगलं मुरल्याशिवाय बरणीत भरू नका. मीठ कमी असलेलं ताजं लोणचं आंबताना वायू सोडतं आणि घट्ट बंद बरणीत तो कोंडतो. मग सील फुगतं आणि गिऱ्हाईकाला वाटतं माल खराब आहे.

चकलीवर जरा जास्त लिहिते, कारण तळलेल्या मालात पैसा आहे आणि सगळ्यात जास्त नुकसानही तिथेच होतं. तिच्यावर दोन बाजूंनी मार बसतो, आणि दोन्हींना अडवणारी प्लास्टिकं एकच नसतात. एलडीपीईची पिशवी वाफ बऱ्यापैकी अडवते, पण ऑक्सिजन तिच्यातून जवळजवळ मोकळा जातो. तितक्याच जाडीच्या पेटपेक्षा पन्नास पटींहूनही जास्त. म्हणून चकली कुरकुरीत असूनही खवट होऊ शकते. उलट पेट ऑक्सिजन चांगला अडवतं, पण वाफेच्या बाबतीत ते एलडीपीईपेक्षा फारसं वरचढ नाही. बीओपीपी, म्हणजे बिस्किटांच्या पुड्याचं कुरकुर आवाज करणारं प्लास्टिक, वाफेला चांगलं अडवतं, पण ऑक्सिजनला नाही. एका थरात सगळं मिळत नाही, म्हणून फरसाणाची पाकिटं दोन-तीन थर एकमेकांवर चिकटवून करतात. बाहेर छपाई धरणारं पॉलिस्टर, म्हणजे पेटचीच पातळ फिल्म, मध्ये अॅल्युमिनियमची वाफ बसवलेलं मेटलाइज्ड पॉलिस्टर, आत सील होणारा पॉलिथिलीनचा थर, म्हणजे एलडीपीईच्या जातीचा. बाजारात ही जाडी बऱ्याचदा ‘बारा-बारा-पन्नास’ अशी मायक्रॉनमध्ये सांगतात. पिशव्यांचा भाव गेजमध्ये सांगितला तर १०० गेज म्हणजे २५ मायक्रॉन, हे लक्षात ठेवा.

तुमच्या गटाने छापील रोल करू नयेत. रोटोग्रॅव्हर छपाईत प्रत्येक रंगाला वेगळा सिलिंडर कोरावा लागतो, आणि रोलची किमान ऑर्डर तुमच्या वर्षभराच्या मालापेक्षा मोठी असेल. तयार, कोऱ्या मेटलाइज्ड स्टँडअप पाऊच घ्या आणि वर चांगलं स्टिकर लावा. एका बाजूला पारदर्शक खिडकी असलेली पाऊच दिसायला छान असते, पण तळलेल्या मालाला ती नको. उजेडानेही तेल खवट होतं आणि त्या खिडकीपुरता मेटलाइज्ड थराचा फायदाही जातो. चकली दिसावीच असं वाटत असेल तर स्टिकरवर तिचा फोटो छापा.

पाऊच चांगली आणली आणि मेणबत्तीवर सील केली तर सगळे पैसे वाया. मेणबत्तीच्या सीलला सुईच्या टोकाएवढी छिद्रं राहतात, डोळ्यांना दिसत नाहीत, पण कोकणातल्या श्रावणात हवेतला दमटपणा नव्वद टक्क्यांच्या आसपास असताना तेवढ्या छिद्रातून चकली मऊ पडायला पुरेशी हवा जाते. रुंद पट्टीचं हीट सीलर घ्या. सीलच्या जागी चकलीचा चुरा किंवा तेलाचं बोट लागलेलं नसावं. तपासायचं कसं? सील केलेलं पाकीट बादलीत पाण्याखाली धरून हलक्या हाताने दाबा. बुडबुडे आले की सील फुटलंय. रोजच्या कामात दर घाण्यातून दोन-तीन पाकिटं अशी बुडवून पाहा, आणि ज्या ताई सील करतात त्यांनाच ती पाहायला सांगा, म्हणजे हाताला लगेच कळतं.

ऑक्सिजन शोषणाऱ्या छोट्या पुड्या मिळतात, त्या तळलेल्या मालाला खूप उपयोगी आहेत. पण त्या मेटलाइज्ड पाऊचमध्येच टाका. साध्या पिशवीत टाकल्या तर त्या शोषत राहतात आणि बाहेरून नवा ऑक्सिजन आत येत राहतो, दोन-चार दिवसांत पुडी संपते. पुडीवर ‘खाऊ नये’ मराठीत ठळक लिहिलेलं असावं, घरात लहान मुलं असतात. आणि चकली पूर्ण गार झाल्याशिवाय भरायचीच नाही. कोमट चकलीची वाफ पाकिटात अडकली की कोणतंही प्लास्टिक तिला वाचवू शकत नाही. तळलेल्या चकलीचं तेल टिपायला वर्तमानपत्र वापरत असाल तर आजपासून बंद करा. छपाईची शाई तेलात उतरते, आणि अन्न बांधायला वर्तमानपत्र वापरण्याला एफएसएसएआयच्या, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, २०१८ च्या पॅकेजिंग नियमांतच मनाई आहे. साधा पांढरा टिपकागद आणा.

आगळाला मुख्यतः उजेडाने मार बसतो. कोकमाचा लाल रंग ज्या द्रव्यांनी येतो ती उजेड, उष्णता आणि ऑक्सिजन या तिघांनीही मोडतात. पेटची बाटली आगळाला चालते, मीठ आणि आंबट तिला काही करत नाहीत. फक्त एचडीपीईच्या कॅनमध्ये महिनोन्‌महिने भरून ठेवू नका, त्यातून ऑक्सिजन आत जातो. बाटली काठोकाठ भरा, खोक्यात बंद ठेवा, आणि स्टॉलवर मांडायच्या चार-पाच बाटल्या सोडून बाकीच्या उन्हात ठेवू नका. आगळ गरम न करता भरत असाल तर बाटली आकसायचाही प्रश्न येत नाही.

आंबापोळीची तक्रार नाही, तर तिची बीओपीपीची किंवा पीपीची पिशवी तशीच चालू द्या. तिला महागडी पाऊच नको.

आता ‘फूड ग्रेड’ या शब्दाबद्दल. तो कोणीही तोंडी म्हणू शकतो, त्याला कागद लागतो. विक्रेत्याकडे दोन गोष्टी मागा. पहिली, तो कच्चा माल अन्नासाठीच्या भारतीय मानकाप्रमाणे आहे असं पत्र. पॉलिथिलीनसाठी, म्हणजे एलडीपीई आणि एचडीपीईसाठी, आयएस १०१४६, पीपीसाठी आयएस १०९१०, पेटसाठी आयएस १२२५२. दुसरी, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा मायग्रेशन चाचणीचा अहवाल, म्हणजे प्लास्टिकमधून अन्नात किती द्रव्य उतरतं त्याचं मोजमाप. नियमाने ते एक किलो अन्नात ६० मिलिग्रॅमच्या आत असायला हवं. अहवालात कोणत्या द्रवात चाचणी केली ते वाचा. नुसत्या पाण्यात केलेली चाचणी तुमच्या लोणच्याच्या आणि चकलीच्या कामाची नाही, तेलकट मालासाठीची चाचणी हवी. विक्रेता टाळाटाळ करू लागला तर दुसरा शोधा. स्वतः तपासून घ्यायचं झालं तर मुंबईत अंधेरीला भारतीय पॅकेजिंग संस्था आहे, १९६६ पासून हेच काम करते.

पीव्हीसीची चिकट फिल्म तेलकट पदार्थावर गुंडाळू नका. ती मऊ राहावी म्हणून घातलेली द्रव्यं तेलात उतरतात. दिवाळीत लाडू-चिवड्यासाठी जे स्वस्त, काचेसारखे पारदर्शक डबे मिळतात त्यांतले काही पॉलिस्टायरीनचे असतात. झाकण वाकवलं तर टचकन तुटतं, ही त्याची ओळख. तेल आणि लिंबावर्गी फळांच्या सालीतला अर्क त्याला तडे पाडतात. आणि रिकाम्या बरण्या-पिशव्या कुठे ठेवता तेही बघा. प्लास्टिक वास ओढून घेतं. माळ्यावर सुकी मासळी, फिनेल किंवा अगरबत्ती असेल तर पिशव्या तिथून हलवा.

‘बायोडिग्रेडेबल’बद्दल. गिऱ्हाइकाची तळमळ खरी आहे, मलाही तीच आहे, म्हणून या बाबतीत कोणाचा पैसा फसव्या मालात जाऊ नये असं वाटतं. नुसतं ‘बायोडिग्रेडेबल’ किंवा ‘इको’ छापलेली पिशवी घेऊ नका. कंपोस्ट होणाऱ्या प्लास्टिकसाठी आयएस १७०८८ हे मानक आहे आणि बनवणाऱ्याकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. तेही घरामागच्या खड्ड्यात सहज कुजत नाही, त्याला कंपोस्ट कारखान्यातली उष्णता लागते. शिवाय मक्यासारख्या पिकापासून केलेलं पीएलए वाफ फार कमी अडवतं आणि साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं. चकलीला ते उपयोगाचं नाही. चकली खराब होऊन उकिरड्यावर गेली तर तेल, तांदूळ, गॅस आणि तुमची मेहनत सगळंच गेलं.

त्यापेक्षा परिणामकारक गोष्ट तुमच्या हातात आहे. तुमच्या गावचा भंगारवाला काय घेतो ते त्याला विचारा. पेटच्या बरण्या तो घेतो, एचडीपीईचे कॅन घेतो. मेटलाइज्ड पाकिटं तो घेत नाही, कारण त्यांचे थर सुटे करता येत नाहीत. म्हणून जिथे गरज आहे तिथेच, म्हणजे चकलीलाच, तसलं पाकीट वापरा. बरण्यांचं स्टिकर पाण्याने सुटेल असं घ्या, त्याने बरणी पुन्हा वितळवायला सोपी जाते. कणकवलीतल्या आणि आसपासच्या गिऱ्हाइकांसाठी मोरंब्याच्या काचेच्या बरण्या थोडे पैसे देऊन परत घ्यायची सोय करा. धुऊन, उकळत्या पाण्यातून काढून त्या पुन्हा वापरता येतील, झाकण मात्र प्रत्येक वेळी नवं. गणपतीच्या स्टॉलवर हातात द्यायला प्लास्टिकची पिशवी ठेवू नका. महाराष्ट्रात मार्च २०१८ पासून त्या पिशव्यांवर बंदी आहे आणि दंडही होतो. जुन्या साड्यांच्या पिशव्या तुमच्यातल्याच कोणी शिवून देईल.

नवीन पाऊच मोठ्या संख्येने आणण्याआधी एक चाचणी करा, हिला खर्च जवळजवळ नाही. चकलीची दहा पाकिटं जुन्या पिशवीत आणि दहा नव्या पाऊचमध्ये भरा. प्रत्येकावर क्रमांक टाका आणि सोनाराकडे असतो तसल्या बारीक काट्यावर वजन करून वहीत लिहा. अर्धी पाकिटं स्वयंपाकघरात ठेवा, अर्धी पत्र्याच्या माळ्यावर. दर आठवड्याला वजन करा. ज्या पाकिटाचं वजन वाढतंय त्यात बाहेरची वाफ शिरतेय. दर पंधरवड्याला प्रत्येक प्रकारचं एक पाकीट फोडून वास घ्या, चव पाहा, आणि चव घेणारी व्यक्ती तळणारी नसावी. लोणच्याच्या पाच-सहा बरण्या आडव्या करून पुठ्ठ्यावर ठेवा, रात्रीत तेलाचा डाग पडतो का पाहा. मग त्याच बरण्या खोक्यात घालून मुंबईच्या ओळखीच्या घरी पार्सल पाठवा आणि पोचल्यावर फोटो मागवा. हे सगळं जूनमध्ये सुरू केलंत तर गणपतीच्या आधी तुमच्याकडे स्वतःच्या आकड्यांची वही असेल. पाकिटावर ‘इतक्या दिवसांत वापरावे’ हा आकडाही मग त्याच वहीतून लिहा, दुसऱ्याच्या पाकिटावरून उचलू नका.